ज्याचा लॅपटॉप, तो एडिटर

विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्ममध्ये पदं गुणांवर मिळत नाहीत, मालमत्तेवर मिळतात. ज्याच्याकडे कॅमेरा तो सिनेमॅटोग्राफर. ज्याच्या मामाकडे बोलेरो तो प्रॉडक्शन मॅनेजर. जिच्या घरी आजी आहे आणि आजीला 'नाही' म्हणता येत नाही, ती कास्टिंग डायरेक्टर. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो दिग्दर्शक. आणि ज्याच्या लॅपटॉपला ग्राफिक कार्ड आहे, तो एडिटर. माझ्या लॅपटॉपला होतं. इंजिनिअरिंगला लागतं म्हणून बाबांनी ते घेऊन दिलं होतं आणि गेम त्यावर उत्तम चालायचे.

संकलनाशी माझी ओळख होती ती फक्त आई-बाबांच्या लग्नाच्या कॅसेटपुरती. त्या काळी त्याला 'मिक्सिंग' म्हणायचे. गुलाब उमलायचा, त्यातून बाबा बाहेर यायचे. बाबांचे चार तुकडे होऊन चार कोपऱ्यांत जायचे आणि मधल्या रिकाम्या जागेत काश्मीरच्या बर्फासमोर आई उभी असायची, जी काश्मीरला आजतागायत गेलेली नाही. मंगलाष्टकं संपली की अंतरपाट वहीच्या पानासारखा उलटायचा आणि मागे थेट जिलबीची पंगत. सॉफ्टवेअर उघडलं तर त्यातही गुलाब, बदाम, उलटणारी पानं, सगळं जागच्या जागी होतं. एका संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ती सगळी हौस भागवून घेतली. लेखिका उशिरा आली. तिने पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आजी बदामातून का येतायत?"

सिनेमाचं नाव 'पोकळी'. विद्यार्थ्यांच्या सिनेमांची नावं एकशब्दी असतात आणि त्या शब्दाचा अर्थ शक्यतो 'काहीतरी नाहीये' असा असतो. गोष्ट साधी. एक आजी मुलाच्या पत्राची वाट बघत असते. पोस्टमन येतो, पत्र देतो. पत्र कोरं निघतं. संपलं. हल्ली पत्र कोण लिहितं, असं लेखिकेला विचारलं की ती म्हणायची, "म्हणूनच तर!" पत्र कोरं का, असं दिग्दर्शकाला विचारलं की तो म्हणायचा, "तेच तर!" या दोन उत्तरांवर आमचं शूटिंग पार पडलं.

शूटिंग मेणवलीला. वाईजवळ कृष्णेकाठचा तो घाट, नाना फडणवीसांचा वाडा. 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान इथेच वावरला असल्यामुळे पुण्यातल्या यच्चयावत कॉलेजांना हा घाट आपला वाटतो. एखाद्या रविवारी सकाळी गेलात तर तीन कॉलेजांच्या तीन आज्या तीन पायऱ्यांवर बसून तीन वेगवेगळ्या मुलांची वाट बघताना दिसतील. आता या घाटावर देवळाशेजारी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. आमच्या सिनेमॅटोग्राफरने ती पाहिली आणि तो आजीला विसरला. घंटा खालून, घंटा वरून, घंटेच्या कडेवर सकाळचं ऊन, घंटा धूसर आणि मागे नदी स्पष्ट, मग नदी धूसर आणि घंटा स्पष्ट. आजी बिचाऱ्या सावलीत बसून वाटाणे सोलत होत्या.

पुण्याला परतल्यावर हार्ड डिस्क उघडली आणि कळलं की आम्ही सिनेमा केलेला नाही, साठा केलेला आहे. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी साडेबारा लाख फूट फिल्म वापरली गेली, म्हणजे २३० तासांहून जास्त. त्यातून सिनेमा उरला सुमारे अडीच तासांचा. पंचाण्णव मिनिटांतलं एक मिनिट ठेवायचं आणि चौऱ्याण्णव टाकायची, असा तो हिशेब. आमचंही गुणोत्तर त्याच मार्गाने चाललं होतं. फरक एवढाच की कोपोलांकडे हेलिकॉप्टरं होती आणि आमच्याकडे घंटा.

पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी पैसे लागत. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट रीळ खलास. कॅमेऱ्याच्या घरघरीत निर्मात्याला स्वतःच्या नोटा सरकताना ऐकू यायच्या आणि 'कट' हा शब्द दिग्दर्शकाच्या तोंडातून आपसूक निघायचा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा लावून रोज एकेक फ्रेम टिपत 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला, तोही भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. मला विचाराल तर आपल्याकडची पहिली शॉर्टफिल्म ती आणि आदर्शही तीच. नट एकच. गोष्ट स्वच्छ. शेवट उमेद देणारा. आणि त्या वाटाण्याने 'माझा क्लोजअप कुठे गेला?' असं एकदाही विचारलं नाही.

एडिटिंग शिकवणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत. तळहातातून आग कशी काढायची हे ते वीस मिनिटं शिकवतात. एकाच माणसाचे तीन कसे करायचे, आकाश जांभळं कसं करायचं, अक्षरं थरथरत कशी आणायची, सगळं शिकवतात. आजी पाटावरून उठल्यात, दारापर्यंत जायला त्यांना चाळीस सेकंद लागतायत, तर नेमकं कुठे कापायचं, हे मात्र एकही जण सांगत नाही. ते सांगितलंय वॉल्टर मर्च यांनी. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या संकलकांपैकी ते एक. उभं राहून एडिट करतात आणि 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' नावाचं त्यांचं छोटंसं पुस्तक या धंद्यातली पोथी आहे. कट कुठे करावा याचे त्यांनी सहा निकष दिलेत आणि चक्क टक्के वाटलेत. भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, आणि उरलेले ५ आणि ४ पडद्यावरच्या नि प्रत्यक्षातल्या जागेच्या भानाला. म्हणजे बाकीच्या पाचांनी युती केली तरी सरकार भावनेचंच. महाराष्ट्रात राहणाऱ्याला इतकं निर्विवाद बहुमत पाहून भरून येतं.

याच मर्च यांनी 'द कॉन्व्हर्सेशन'चं संकलन करताना हेरलं होतं की आपण जिथे कट मारायचं ठरवतो, तिथेच जीन हॅकमनच्या पापण्या मिटतात. माणसाचा विचार संपतो तिथे डोळा मिटतो, आणि कटही तिथेच शोभतो. दिग्दर्शकाने हे वाचलं आणि रात्री अकराला फोन केला, "आजी कुठे डोळे मिटतायत बघ, तिथे कापू." आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आजी सतत डोळे मिटत होत्या. त्या हिशेबाने कापलं असतं तर 'पोकळी'त 'बॅटलशिप पोटेमकिन'पेक्षा जास्त कट झाले असते.

मग आली दिशा. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ गेली असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा सिनेमाच्या बालवाडीतला नियम. आमच्याकडे आजींचे शॉट सकाळी वृंदावनाच्या बाजूने घेतले होते आणि पोस्टमनचे दुपारी जेवणानंतर, सावली जिथे होती तिथून. जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघू लागले. पत्र वगैरे राहिलं बाजूला, दोघं मिळून सातारा गाडीची वाट बघतायत असं दिसत होतं. "शॉट उलटा कर की, आरशातल्यासारखा," कुणीतरी म्हणालं. केला. नजर जुळली. पण डाव्या खांद्यावरचा आजींचा पदर एका कटमध्ये उजव्या खांद्यावर गेला आणि वृंदावन अंगणाच्या पलीकडे जाऊन बसलं. आर्ट डायरेक्टर मुलगी पडद्याला नाक लावून म्हणाली, "आजी गुजराती झाल्या." त्यावर कोणाला काही तोडगा सुचेना. मग मध्ये घंटेचा एक शॉट टाकला. नजर तोडायला घंटा चालते, हे तेव्हा कळलं आणि सिनेमॅटोग्राफरची कॉलर ताठ झाली.

आवाजाबद्दल बोलू नये तेवढं बरं. क्लॅपची पाटी पुण्यात राहिली म्हणून प्रत्येक शॉटआधी टाळी वाजवायची आणि तिच्यावर चित्र नि आवाज जुळवायचा असं ठरलं होतं. शेजारच्या देवळात आरती चालू होती. त्यामुळे जुळवायला टाळ्यांचा तुटवडा नव्हता. शिवाय प्रत्येक जागेची शांतता अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करून ठेवतात, तिला रूम टोन म्हणतात. महाराष्ट्रात अर्धा मिनिट शांतता मागणं म्हणजे काय, हे ज्याने मागितली तोच जाणे. आमच्या सगळ्या शांतता ऐकल्या तर एकीत ट्रॅक्टर, एकीत 'भंगारवालेऽऽ', एकीत कुणाच्या तरी पोटातली गुडगुड आणि सगळ्यांत स्पष्ट आमच्याच असिस्टंटचं 'सायलेन्स प्लीज'. घरातल्या प्रसंगात मागे कुकर लागलेला. लाँग शॉटमध्ये दुसरी शिट्टी, क्लोजअपमध्ये सातवी, पुन्हा लाँगमध्ये तिसरी. दीड मिनिटाच्या प्रसंगात डाळ शिजली, करपली आणि परत कच्ची झाली.

पण हे सगळं सुटण्यासारखं असतं. सुटत नाहीत ती माणसं. टाइमलाइनवर निळ्या-हिरव्या पट्ट्या दिसतात त्या तुमच्या-आमच्या दृष्टीने शॉट. प्रत्यक्षात प्रत्येक पट्टीवर कुणाचा तरी सातबारा असतो. अंगणातलं तांब्याचं घंगाळ आर्ट डायरेक्टरने जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेलं, ते दिसलंच पाहिजे. पहाटेचं धुकं असिस्टंटने साडेचारला उठून टिपलेलं, ते कथेत दुपार असली तरी राहिलंच पाहिजे. बोलेरोवाल्या मामांनी गाडी दिली, डिझेल घातलं, सगळ्यांना वाईत मिसळ खाऊ घातली आणि मोबदल्यात घाटावरून जाता जाता आजींना 'राम राम' घातला. एकच वाक्य, पण मामा ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. आजींकडे पाठ होती. तो शॉट काढायचा विषय निघाला की प्रॉडक्शन मॅनेजर नुसता म्हणायचा, "काढ की. मला काय! पुढची फिल्म एसटीने करू." लेखिकेचं तर सगळ्यांत अवघड. ती मागच्या खुर्चीत बसून प्रत्येक संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायची. एखादं वाक्य काढलं की पडद्यावर आजी गप्प आणि मागून मात्र संवाद चालू.

आमच्या अख्ख्या सिनेमात एकच माणूस असा होता जो कुणाचाच कुणी नव्हता. पोस्टमन. घाटावरच्या तीन पोस्टमनांपैकी आमचा आयत्या वेळी आला नाही, म्हणून शेजारच्या युनिटचा तासभर मागून घेतला होता. काम सुरेख केलं त्याने. सायकल लावण्याची ढब, चष्मा पुसणं, पत्र देताना क्षणभर थांबणं. पण त्याची बाजू घेणारं खोलीत कुणी नव्हतं. सिनेमा लांबला की पोस्टमन कमी. आधी त्याचं येणं गेलं. मग सायकल गेली. मग चष्मा. एका आवृत्तीत त्याचा चेहराही गेला आणि फक्त पत्र देणारा हात उरला. दिग्दर्शक म्हणाला, "जास्त गूढ वाटतंय."

एका गोष्टीचं श्रेय मात्र मला घेऊ द्या. कोरं पत्र उघडल्यावर आजींचा जो क्लोजअप हवा होता, त्याचे ढीगभर टेक होते आणि सगळ्यांत आजी अभिनय करत होत्या. दिग्दर्शकाने त्यांना 'आतून तुटा' असं सांगितलं होतं, त्यामुळे आजी प्रत्येक वेळी छातीला हात लावून खोकत होत्या. चांगलं काही सापडेना, तेव्हा मी 'कट'नंतरचं फुटेज बघायला लागलो. स्वस्त मेमरी कार्डांचा हाच एक फायदा, 'कट' म्हटल्यावरही कॅमेरे चालू राहतात. एका टेकनंतर आजी नुसत्या बसल्या होत्या. हात मांडीवर, पत्र हातात, नजर कुठेतरी दाराच्या दिशेने, पण दारावर नाही. ओठ किंचित हलले. अकरा सेकंद. मग आजी म्हणाल्या, "बाळा, दूध गॅसवर राहिलं बहुतेक." मी ते वाक्य काढलं आणि अकरा सेकंद ठेवले. खोलीतल्या सहाही जणांच्या तोंडून शब्द फुटेना. सिनेमॅटोग्राफरने घंटेचं नाव काढलं नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी हेच दाखवलं होतं. मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा. त्याच्यापुढे सूप ठेवलं तर प्रेक्षकांना वाटे भुकेला आहे, शवपेटी ठेवली तर वाटे दुःखी आहे. चेहऱ्याने काहीच केलेलं नसतं, जे काही होतं ते शेजारच्या शॉटमुळे होतं. आमच्या शेजारी दूध होतं आणि आम्ही ते काढून पत्र ठेवलं. 'जाने भी दो यारों' बघताना आपण हसतो तेव्हा असेच किती शेजार त्याच्या संकलक रेणू सलुजांनी लावून दिलेले असतील, असा विचार येतो. लॉ कॉलेज रोडवर जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात एफटीआयआय आहे, त्या तिथे शिकल्या. तिथल्या फाटकासमोर चहा पिताना मी बऱ्याचदा आत बघत असे. आतून कुणी बोलावलं नाही.

एकदा मात्र सिनेमा रीतसर शिकलेला एक दादा पोहे खायच्या बोलीवर आमचा कट बघायला आला. शांतपणे पाहिलं. पोहे संपवले. लिंबू चोखत म्हणाला, "पहिला शॉट काढ. शेवटचा काढ." दिग्दर्शकाने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि मधलं, दादा?" दादा म्हणाला, "मधलं नंतर बघू, आधी हे काढायची हिंमत होते का बघ." पहिला शॉट पंख्याचा होता. विद्यार्थ्यांच्या सिनेमात पहिला शॉट पंख्याचा किंवा गजराच्या घड्याळाचा असावा असा विद्यापीठाचा नियम असावा. आमचा काढला. सिनेमा चक्क आजींपासून सुरू झाला. शेवटचा शॉट मामांच्या बोलेरोचा होता.

मधल्या काळात आणखीही बरंच घडलं. एका सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर सगळा पडदा लाल, 'मीडिया ऑफलाइन'. सिनेमॅटोग्राफर हार्ड डिस्क घेऊन बारामतीला एका लग्नाच्या शूटिंगला गेला होता आणि आमच्या आजी त्याच्या सॅकमध्ये लग्नाला जाऊन आल्या. शेवटचं एक्सपोर्ट गुरुवारी लावलं. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते हे शाळकरी पोराला ठाऊक असतं. लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्के आणि सिनेमा सत्त्याण्णव टक्के, असा सामना सहा जण टेबलाभोवती उभे राहून बघत होते. लॅपटॉपच्या पंख्याशिवाय कसलाही आवाज नाही. रूम टोनसाठी मेणवलीला जी शांतता मिळाली नाही, ती आमच्या खोलीत त्या दिवशी मिळाली.

सिनेमा झाला नऊ मिनिटांचा. मग नामावली. ती मराठी लग्नपत्रिकेसारखी असते. वधू-वर दोन ओळींत आटपतात, पुढे आप्त, इष्ट, स्नेहांकित, गावाकडचे, मुंबईचे आणि ज्यांचं नाव गाळलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद होईल ते. मामा सहकुटुंब. समस्त ग्रामस्थ, मेणवली. पोह्यांबद्दल कास्टिंग डायरेक्टरच्या आई. पाटा-वरवंटा दिल्याबद्दल शेजारच्या काकू, आणि काकूंचं नाव टाकलं म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी पाटा देऊ केला होता पण घेतला नव्हता. घंगाळ विकणाऱ्याचंही नाव होतं, कारण त्याने शंभर रुपये सोडले होते. अक्षरं वाचता येतील इतक्या सावकाश सोडली तर हे सगळं पावणेदोन मिनिटं चालायचं.

स्पर्धेचा फॉर्म भरताना नियम वाचला. कमाल दहा मिनिटं, नामावलीसह.

नावं जोरात पळवून बघितली. काकूंचं आडनाव वाचता येईना, लेखिका म्हणाली हे चालणार नाही. मामांच्या कुटुंबाच्या तीन ओळींची 'व परिवार' अशी एक करून बघितली, प्रॉडक्शन मॅनेजर उठून गॅलरीत गेला. तासभर वाद झाला. शेवटी दिग्दर्शकाने हात वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा दिग्दर्शकासारखा बोलला. "नावं राहू देत," तो म्हणाला. "सिनेमातून काढ."

धुकं गेलं. घंगाळ कोपऱ्यापुरतं उरलं. मामांचा 'राम राम' कायम राहिला. घंटा मात्र सगळीच्या सगळी गेली आणि सिनेमॅटोग्राफर भिंतीकडे तोंड करून बसला. तडजोड म्हणून विशेष आभारात एक ओळ वाढवली, 'श्रीमंत चिमाजी अप्पा'. तेवढ्याने सिनेमा पुन्हा दोन सेकंदांनी लांबला. ते पोस्टमनच्या हातातून घेतले.